कुरणातल्या मनोऱ्याची अठरा मिनिटे

मित्रांनो, टेनेसीच्या डोंगरात बेल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी गाईंचे एक कुरण आहे. त्याच्या मधोमध दोनशे फूट उंचीचा एक सडपातळ लोखंडी मनोरा उभा आहे. तो मी. माझ्या पायथ्याशी विटांच्या दोन खोल्या आहेत. तिथे जुन्या कंट्री गाण्यांचे एएम रेडिओ केंद्र आहे आणि त्याचा आवाज माझ्या अंगातून बाहेर पडतो.

सत्तर वर्षांपूर्वी मला तुकड्यातुकड्यांनी ट्रकवर आणून इथे जोडले. मग माझ्याभोवती जमिनीत एकशे वीस तांब्याच्या तारा पुरल्या, झाडाच्या मुळांसारख्या चहूकडे पसरलेल्या. त्या नसतील तर माझा आवाज धड पुढच्या वळणापर्यंतही पोचत नाही. पहिल्या सकाळी कुणीतरी फिडल, म्हणजे इकडचे व्हायोलिन, वाजवले आणि ते सूर माझ्या पायापासून शेंड्यापर्यंत चढून हवेत निघून गेले. मी जागचा हललोही नव्हतो, तरी तीस मैलांवरच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव भाजणारी माणसे ते ऐकत होती. हे कसे घडते, ते मला आजही पुरते उमगलेले नाही.

आमचे केंद्र दिवसाचे. सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद, असा परवानाच आहे; कारण अंधारात एएमच्या लहरी आकाशावर आपटून फार दूर जातात आणि दुसऱ्यांच्या गाण्यात शिरतात. एका हिवाळ्यात, अगदी बंद व्हायच्या वेळी वाजवलेले बँजोचे गाणे समुद्रापलीकडे, नॉर्वेतल्या एका कोळ्याने ऐकले. त्याने पत्र पाठवले. केंद्राच्या मालकीणबाई लोरीन हॅटमेकर यांनी ते माझ्याजवळ उभे राहून मोठ्याने वाचले. मग मान वर करून त्या कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या.

पुढे काळ पालटला. लोक फोनवर गाणी ऐकू लागले. काही नव्या गाड्यांत तर एएम रेडिओ येईनासाच झाला. लोरीनबाई पंच्याहत्तरीला आल्या, माझा लाल रंग उडत गेला. आणि एका मे महिन्यात माझ्यावर वीज पडली. मला काही झाले नाही, पण ती माझ्यातूनच आत शिरली आणि ट्रान्समीटर जळून गेला. केंद्र मुके झाले. हे माझ्यामुळे झाले, असे मला वाटत राहिले.

इथला कायदा असा, की केंद्र सलग बारा महिने मुके राहिले तर त्याचा परवाना जातो.

ओडिस विल्हॉइट हे ऐंशी वर्षांचे निवृत्त इंजिनियर. केंद्राचा पहिलावहिला छोटा ट्रान्समीटर मागच्या खोलीत पडून होता. त्यातली उंदरांची घरटी काढून त्यांनी तो जुळवायला घेतला. कमी शक्तीवर चालवण्याची परवानगी लोरीनबाईंनी मिळवली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो एकदाचा सुरू झाला, पण माझ्यात काही चढेना. ओडिस बाहेर आले, काठीने गवत बाजूला केले आणि तिथेच खाली बसले.

"लोरीन, तांबं चोरलंय कुणीतरी. सगळ्या तारा उपटून नेल्यात."

लोरीनबाईंनी डोंगराकडे पाहिले. "सूर्य मावळायला किती वेळ आहे?"

"चार तास."

कुंपणापाशी डॅलस फ्यूगेट उभा होता. कुरणातल्या साठ गाई त्याच्या.

"मिस लोरीन, तुमचं स्टेशन बंद पडल्यापासून माझ्या गाई नीट पान्हावत नाहीत," तो म्हणाला. "शहरातलं स्टेशन लावून पाहिलं. लाथा झाडतात."

"मग तूच गायचं होतंस," ओडिस म्हणाले.

"गायलो की. एक कुंपण मोडून पळाली." मग त्याचा आवाज बदलला. "तांब्याचीच तार लागते का? माझ्याकडे कुंपणाच्या तारेची वीस भेंडोळी पडून आहेत."

ओडिसनी त्याच्याकडे नीट पाहिले. "आण. गवतावरच पसरू. आजच्यापुरतं भागेल."

डॅलस ट्रॅक्टरवरून तार सोडत गेला. लोरीनबाई टोके गोळा करत होत्या आणि ओडिस गुडघ्यांवर बसून ती माझ्या पायाशी जोडत होते.

"तुझा हात थरथरतोय," लोरीनबाई म्हणाल्या.

"हात नाही, वय थरथरतंय. मनगट धर माझं."

त्यांनी धरले. शेवटची तार जोडली, तेव्हा सूर्य डोंगराला टेकत आला होता. अठरा मिनिटे उरली होती. डॅलस गोठ्यातल्या रेडिओकडे धावला.

आत बटण दाबले गेले आणि वर्षभराने माझ्या अंगातून ऊब चढली. "बेल क्रीकच्या मंडळींनो, लोरीन बोलतेय," त्या म्हणाल्या. "फार दिवस गप्प होतो. माफ करा." मग त्यांनी फिडलची तबकडी लावली. इतकी थोडी शक्ती, तीही कुंपणाच्या तारेवर उभी. तरी ते सूर निघाले आणि ओढा ओलांडून गेले. डॅलस गोठ्यातून बाहेर दारात आला. त्याने टोपी काढली आणि ती छातीशी धरून तो उभा राहिला. एवढ्या वर्षांत मी हजारो गाणी वाहून नेली, पण आवाज पोचतो म्हणजे काय, ते मी त्या संध्याकाळी डोळ्यांनी पाहिले.

ठरल्या मिनिटाला ओडिसनी केंद्र बंद केले. परवाना वाचला.

मित्रांनो, पुढचे काही सांगता येत नाही. आवाज आता सहा-सात मैलच जातो. लोरीनबाईंची मुलगी दूर ओहायोत असते. ती केंद्र चालवील की विकील, हे तिचे तिलाही ठाऊक नाही. तुमच्या गावातही असे एखादे जुने केंद्र असेल. त्याचा सत्कार करू नका, त्याच्यावर निबंधही लिहू नका. रेडिओची खुंटी फिरवा आणि थोडा वेळ ऐका. आवडले तर तसे कळवा.

ओडिस हल्ली संध्याकाळी, केंद्र बंद झाले की, रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन येतात. शिडी चढणे त्यांना जमत नाही. त्यांचा हात पोचतो तिथपर्यंत मी पुन्हा लालभडक झालो आहे.