मोरचुदाच्या पाण्यातला विळा

चाळीस वर्षं केळी पिकवली मी. पानांवरच्या करपा रोगासाठी पाण्यात मोरचूद आणि चुना कालवला की फवारणीआधी त्यात विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला म्हणजे चुना कमी पडला, आणखी टाका. हे मला कुठल्या मास्तरानं शिकवलं नाही. म्हणून मोरचुदाबद्दल मलाच कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. आणि सांगणारी कोण, तर घरची सून!

कुंदा लग्न होऊन आली ती बारावीला रसायनात नापास होऊन. ऑक्टोबरला पुन्हा बसवीन, पुढे डी.एड. करू देईन, असा शब्द मी तिच्या वडिलांना दिला होता. माझ्या बायकोला, बेबाबाईला, ते मुळीच पटलं नव्हतं. या खेपेला नापास झाली तर पुस्तकं माळ्यावर जातील, हे तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी हो म्हटलं खरं, पण मला धास्तीच होती. पोरगी एकाच धड्याशी अडून बसलेली. ऑक्सिडेशन आणि रिडक्शन. ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडेशन, एवढं तिनं घोकलेलं. पण पुस्तकात जिथं ऑक्सिजनच नाही तिथंही तेच नाव, मग ती रडकुंडीला यायची.

एका सकाळी माझ्या विळ्याचं पातं तांबूस झालेलं तिनं बघितलं आणि कारण विचारलं. मी ऐटीत सांगितलं, मोरचुदातलं तांबं विळ्यावर चढतं, विळा फुकटात जाड होतो. ती म्हणाली, फुकट कसं येईल नाना, लोखंड काहीतरी देत असेल. झालं, माझी सटकली. पारोळ्याच्या लोहारानं घडवलेला तो विळा, कुणाला हात लावू देत नव्हतो मी. तोच मडक्यात नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात टाकला. म्हटलं, चार दिवसांनी बघ किती जाड होतो ते.

चार दिवसांनी मडक्याच्या तळाला तांब्याचा गाळ आणि निळंशार पाणी फिकट हिरवं. विळा धुतला तर पातं कुरतडलेलं, धार पार गेलेली. मला फार वाईट वाटलं.

कुंदाला माझ्या विळ्याचं काय! ती मडक्यापाशी उकिडवी बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "नाना, लोखंड इलेक्ट्रॉन देतं आणि पाण्यात विरघळतं, ते ऑक्सिडेशन. तांबं ते घेतं आणि पाण्यातून बाहेर येतं, ते रिडक्शन. एकानं दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळतच नाही."

इलेक्ट्रॉन मी काय बघितलाय? पण विळा माझा गेला होता, त्यामुळे बरोब्बर डोक्यात बसलं. तेव्हापासून मी येताजाता तिला विचारायचो, कोण देतं, कोण घेतं? परीक्षेला जळगावला जाताना एस.टी.तही विचारलं. शेजारच्या बाईला वाटलं, सासरा सुनेशी देण्याघेण्यावरून भांडतोय.

निकाल लागला. कुंदा पास. मला तर नाचावंसं वाटलं. बेबाबाईनं मुलाकडून, निंबाकडून, निकालाचा कागद दोनदा वाचून घेतला. मग खुंटीवरचा तो विळा काढला. मला वाटलं, गेला भंगारात. तिनं तो कोनाड्यात कुंदाच्या पुस्तकांजवळ नीट ठेवला.

"तुम्हाला दुसरा विळा आणा," ती मला म्हणाली. "आणि येताना हिच्या डी.एड.चा फॉर्म आणा."