हाक मारू नये म्हणतात

टेमघरच्या दौलत पाटलांचा मुलगा प्रितेश, त्याचं लग्न झालं ते साल दोन हजार एकोणीस. सून मनाली घरात आली आणि पहिल्याच शुक्रवारी घाबरली.

घराला लागूनच दौलतचे कापड विणायचे लूम. त्यांच्या खडखडाटात झोपलेल्या माणसाचा श्वास कुणाला ऐकू येत नसे. शुक्रवारी मात्र सुट्टी, लूम बंद. त्या दुपारी सासरे घोरता घोरता एकदम गप्प झाले. छाती हलेना. मनाली हाक मारायला धावली, तर सासूने, जानकीबाईने, तिचं तोंड दाबलं. थोड्या वेळाने, बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा दौलतने श्वास ओढला.

“त्यांच्यावर कोन तरी बसतंय गो,” जानकीबाई कुजबुजली. “तवा हाक मारू नये. हाक मारनाऱ्याला धरतं.”

धामणकर नाक्यावरून आणलेल्या एका पातळ पुस्तकातही तसंच छापलेलं होतं. दौलतच्या उशाखाली कोयता असे. रोज सकाळी तो डोकं धरून उठे, जेवताना पेंगे. वर हसून म्हणे, “बसतंय तर बसू दे. भाडं तरी घ्या त्याच्याकडून.”

मनाली वाचनालयात गेली. तिथल्या प्रमोदिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“झोपेवर पुस्तकं पुष्कळ आहेत. आधी लिहिणारा कोण ते बघ. त्याला हे कशावरून कळलं, ते सांगतो का बघ. डॉक्टरकडे जाऊ नका म्हणत असेल, तर मिटून ठेव.”

“पण ते भुताचंही छापलेलंच आहे ना?”

“शाई सगळ्यांना मिळते, बाळ.”

मेंदू, झोप आणि जुनी दुखणी यांवर एका मेंदूच्या डॉक्टरने लिहिलेलं पुस्तक तिने आणलं. जानकीबाईने ते उघडू दिलं नाही. “त्याचं नाव वाचलंस तर ते ऐकतं.” पुस्तक कपाटात गेलं. प्रितेश म्हणाला, “चैत्रात वज्रेश्वरीची जत्रा झाली की डॉक्टरकडे नेऊ.”

फाल्गुनातल्या एका शुक्रवारी दौलतचा श्वास पुन्हा थांबला. जानकीबाई स्वतःच्या तोंडावर हात दाबून उशाशी बसली होती. या वेळी श्वास परत आलाच नाही.

तेरावं झाल्यावर तिने स्वतःच पुस्तक काढलं. “वाच.”

मनालीने वाचलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू माणसाला दचकवून जागं करतो. वर्षानुवर्षं असं चाललं की हृदय थकतं.

“म्हंजे कोन बसत न्हवतं?”

“कुणीच नाही, आई.”

“मंग मी गप बसले ती कोनाला भिऊन?” मग हळूच, “हाक मारली असती तर?”

“ते यात नाही लिहिलेलं. पण डॉक्टरकडे उपाय होता, ते लिहिलंय.”

आता जानकीबाई आळीतल्या बायकांना विचारते, “तुजा मानूस घोरता घोरता थांबतो का गो? हलव त्याला. डाक्टरकडं ने.”

बंधूंनो, भगिनींनो, अडाणीपण फक्त न वाचणाऱ्याचं नसतं. वाईट पुस्तक वाचणारा आणि चांगलं पुस्तक कपाटात ठेवणारा, दोघेही अडाणीच! पुस्तक पारखून घ्या, आणि घेतलं की वेळेवर उघडा.

टेमघरचे दौलत पाटील शुक्रवार, सहा मार्च दोन हजार वीस रोजी दुपारी झोपेत वारले.