एका वाडग्यातलं मलम

तुम्हीच बुडवलंत हे खाजेचं मलम. राजधानीत बसून हुकूम सोडलात: अर्ध्या ट्यूबांत ज्येष्ठमधाचा अर्क भरा, अर्ध्यांत नुसतं व्हॅसलीन, आणि गावातल्या बायकांना यातलं अवाक्षर सांगू नका. का, तर त्या बिथरतील.

हे सगळं गावात ट्यूबा वाटणाऱ्या परखातच्या ओठांवर होतं. पण फोनवर ती "बरं साहेब" एवढंच म्हणाली. अर्क मिळालेल्या आणि नुसतं व्हॅसलीन मिळालेल्या पोरांच्या खाजेत फरक नाही, तेव्हा मलम बाद, काम बंद, असं साहेबांनी कळवलं होतं.

फरक दिसणार कुठून? मागेच ती गावातल्या ताझागुल आपाच्या घरी गेली होती, तेव्हा बायका सगळ्या ट्यूबा एका वाडग्यात पिळून, घोटून, चमच्यानं वाटून घेत होत्या. अर्काचं पाणी झालं होतं. टोकावं तर अर्ध्या ट्यूबांत औषधच नाही हे सांगावं लागलं असतं. ती गप्प राहिली. वर चहाही प्यायली.

आज ती पुन्हा आपाच्या दारात उभी राहिली. आपा ज्वारीचं पीठ मळत होती.

"ये, डॉक्टरीणबाई. वाळलीस की गं. शहरात भाकरीसुद्धा तपासून खातात वाटतं?"

परखातनं बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. आपाचे हात पिठातच थांबले.

"म्हणजे आम्ही वाटून घेतलं, म्हणून औषध बुडालं?"

"हो, आपा."

"इथं एका घरी बकरं कापलं, तर वास जाईल तिथवर वाटा जातो. शेजारणीच्या पोरीचे कोपर बरे झाले आणि माझी नात खाजवून रक्त काढतेय. शेजारीण काय बघत बसणार होती? तीच ट्यूब घेऊन आली."

"वरून हुकूम होता, आपा. सांगायचं नाही म्हणून."

"तुझा साहेब माझ्या दारात आला नाही कधी. समुद्र आटला, त्याच्या तळाच्या मिठाची धूळ उडते, पोरं सोलून निघतात, त्याला काय त्याचं? ट्यूब मी तुझ्या हातून घेतली."

आतल्या खोलीत नात खाजवत होती. नखांचा आवाज बाहेर येत होता.

"ट्यूबा कुणी भरल्या?"

"मीच."

"मग माझ्या नातीच्या हातावर नुसतं व्हॅसलीन ठेवलंस, तेव्हा तुला ठाऊक होतं?"

परखातनं मान खाली घातली.

"मान नको घालूस. तोंडानं सांग. ठाऊक होतं की नव्हतं?"