अर्धा इंच

सबनीससर सुरतेत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी माझ्या माधवीकडून लांब उडीचा सराव करून घ्यायचे. तिची धाव फळीपाशी येईतो दर वेळी डावीकडे सरकायची. त्याचं कारण शोधायला त्यांनी तिची फिल्म काढली आणि त्र्याहत्तर सालच्या जानेवारीत मला कौतुकानं प्रयोगशाळेत बोलावलं. मीही लेकीचा सिनेमा बघायला नवी साडी नेसून गेले.

भिंतीवर कागद चिकटवला होता. त्यावर फिल्म पाडून, एकेक चित्र थांबवत सर तिच्या कमरेवर, गुडघ्यावर, घोट्यावर ठिपके काढत आणि रेघांनी जोडत गेले. कमरेची रेघ दर पावलाला डावीकडे खाली झुकत होती.

"डावा पाय अर्धा इंच आखूड आहे," भाजीचा भाव सांगावा तसं सर म्हणाले. "बुटात कॉर्कची पट्टी घातली आणि धाव सरळ झाली. उडी फूटभर वाढली. विद्यापीठाच्या संघात नक्की जाईल."

मला उडीचं काही ऐकूच आलं नाही. हिला बोट धरून चालायला मीच शिकवलं होतं. आणि रविवारी चलथाणच्या साखर कारखान्यातला केमिस्ट हिला बघायला येणार होता. सुरतेत आमची बँकेतली, शाळेतली मराठी घरं मोजकी. एकानं नाकारलं की बाकीच्यांना कारण कळायला आठवडा लागत नाही.

"ही फिल्म कपाटात ठेवा," मी सरांना सांगितलं. माधवीलाही बजावलं, एक अक्षर बोलायचं नाही. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलाच्या आईनं घारी संपवली आणि मला धास्ती होती तेच म्हणाली, "जरा चालून दाखव गं."

घरात पाय अनवाणी. माधवी खिडकीपर्यंत जाऊन परत आली. मला आता तेवढंच दिसत होतं, कंबर खाली, कंबर वर.

"छान चालते हो," बाई म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात माधवी म्हणाली, "मावशी, माझा डावा पाय अर्धा इंच आखूड आहे. बुटात पट्टी घालते मी."

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा चपला शोधायला लागला. "कळवतो," म्हणून ते गेलेसुद्धा.

मी तिच्यावर कडाडले. "त्यांना दिसलं नव्हतं ना? मग तोंड उघडायची काय गरज होती?"

"तुला दिसत होतं," बुटाची नाडी बांधत ती म्हणाली. "सगळा वेळ तू माझ्या पायांकडेच बघत होतीस, आई."

ती सरावाला निघाली. तिला चार शब्द सुनावायला मी दारात गेले. गल्लीतून ती पाठमोरी चालली होती, कंबर एका रेघेत. माझी मुलगी सरळ चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. ओरडायचं राहूनच गेलं.