चप्पल हवी तर एक वाक्य

मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. हसू नका. मी पडदा आहे, साधा कापडी पडदा, आणि चित्र माझ्याच अंगावर पडतं. ते मला कसं दिसणार? मला दिसतात समोर बसलेल्यांची तोंडं. तेवढ्यावर माझं सगळं शिक्षण झालंय, आणि ते काही कमी झालं असं मला मुळीच वाटत नाही.

खरं तर माझा जन्म खाडीसाठी. कोलशेतच्या दामाजी कोळ्यानं होडीच्या शिडासाठी कापड आणलं, आणि शिवायच्या आतच होडीला इंजिन बसलं. मी माळ्यावर जाळ्यांच्या वासात पडून राहिलो. मग एकदा त्याच्या ओळखीचं एक जोडपं आलं, कळव्याचे सुधीर आणि निशा. दोघांना सिनेमाचं वेड. घराच्या गच्चीवर लोकांना जमवून सिनेमे दाखवायचे होते. दामाजीनं स्वतः बसून मला शिवलं, कडेनं दोरी ओवली आणि म्हणाला, "न्या यो. वारा नाय मिलला, तं मानसां तरी बघंल."

सुधीरनं पहिल्याच दिवशी रीत घालून दिली. नवा सिनेमा ज्यानं त्यानं थेटरात बघून यायचा. मग तेच दुखणं सांगणारा, दूरदेशीचा एखादा जुना सिनेमा गच्चीवर लावायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बोलायचं. याला आम्ही 'जोडी' म्हणतो. दुसरी रीत निशाची. सगळ्यांच्या चपला ती आपल्या खुर्चीमागे ठेवते आणि एक वाक्य बोलल्याशिवाय कुणाला परत देत नाही. "छान होता" हे वाक्य धरलं जात नाही.

काय काय ऐकलंय म्हणून सांगू! नवरा-बायको भांडत आले आणि जोडीवर बोलता बोलता हसत गेले. एका आजोबांनी नव्या सिनेमाला इतक्या शिव्या घातल्या, की शेवटी तोच त्यांना जास्त आवडला होता हे सगळ्यांना कळलं.

मग सुधीर-निशा घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहायला आले आणि मी सोसायटीच्या हॉलमध्ये लागू लागलो. दोन वर्षांपूर्वी सुधीर गेला. मला वाटलं, संपलं आता. पण तेराव्यानंतरच्या रविवारी निशानं मला झटकून टांगलं. डोळे सुजलेले, पण गाठी घट्ट.

तरी गर्दी आटत गेली. परवा सोसायटीचा सेक्रेटरी रत्नदीप तिला म्हणाला, "काकू, जुने पिक्चर कोण बघतं आता? त्यात खाली ते वाचत बसायचं! लोक अर्ध्यात उठतात. या रविवारी पण उठले, तर हॉल झुंबा क्लासला देतो."

"आणि पडदा?"

"पार्किंगमध्ये बाईक झाकायला होईल ना."

बाईक झाकायला! मला! 

निशा शांतपणे म्हणाली, "तू स्वतः ये. बघू कोण उठतं ते."

रविवारची जोडी ठरलेली होती. नवा मराठी सिनेमा: बिल्डिंग पाडायची आहे आणि एक म्हातारा घर सोडत नाही. जुना परदेशी: धरणात गाव बुडणार आहे आणि एक म्हातारी घर सोडत नाही.

पण निशा हॉलमध्ये येऊन बघते तर काय, सकाळी कुणाचा तरी सत्यनारायण झालेला. चौरंग, केळीचे खांब, सगळं ऐन माझ्या पुढ्यात. उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी, तोवर हलवायचं नाही. ही परवानगीही रत्नदीपनंच दिलेली, वार न बघता.

"राहू दे," निशा म्हणाली. "देवही बघेल."

सिनेमा सुरू झाला, आणि खालच्या भाषांतराच्या ओळी गेल्या थेट केळीच्या पानांत. एक अक्षर दिसेना. ती भाषा कुणालाच येत नव्हती.

"काकू, आता कळणार कसं?" रत्नदीप उठलाच. मागे दोन-तीन खुर्च्या सरकल्या. निशाचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत तो असा पडलेला मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली कॉलेजातली अक्षदा ओरडली, "ए, बंद नका ना करू! ती आजी चुलीतली राख डब्यात भरतेय. कशाला?"

"भांडी घासायला," कुणीतरी म्हणालं.

"वेडायस का? घर बुडतंय आणि भांडी काय घासतेय!"

"घराची आठवण म्हणून असेल."

"आठवण म्हणून राख?"

झालं! सगळे एकदम बोलायला लागले. खाली वाचायचं काही नव्हतं, म्हणून प्रत्येक जण त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघत होता. रत्नदीप उभाच होता. मग हळूच बसला. त्याच्या तोंडाकडे मी बघत होतो. "डबा बंद केला तिनं," अक्षदा म्हणाली आणि त्यानं पटकन डोळे पुसले.

दिवे लागले. अक्षदा म्हणाली, "नव्यातला म्हातारा किती भाषण देतो यार! हिचा एक शब्द कळला नाही, तरी हीच जास्त कळली."

"पण तो शेवटी सही करतो," दुसरीनं तिला अडवलं. "ही धाडसी आहे, मान्य. आपण मात्र सगळे त्याच्यासारखे."

कुणीच उठून गेलं नव्हतं. चपला सुटत गेल्या. शेवटी रत्नदीप उरला.

"काकू, माझी चप्पल."

"वाक्य."

तो खाली बघत म्हणाला, "बाबांनी जुन्या चाळीतल्या दाराची कडी आणलीय. खिडकीत ठेवतात. मी दोनदा कचऱ्यात टाकली, दोन्ही वेळा ते खाली जाऊन घेऊन आले."

निशानं चपला त्याच्यापुढे ठेवल्या. त्यानं त्या घातल्या नाहीत. माझ्याकडे आला, गाठी सोडल्या, नीट घडी घातली आणि विचारलं, "काकू, हा कुठे ठेवायचा असतो?"

"सुधीरच्या कपाटात."

मला खांद्यावर टाकून तो लिफ्टकडे निघाला. "पुढच्या वेळी बाबांना आणतो," म्हणाला.

मी जुना झालोय, मधली शिवण उसवतेय. पण बाईक झाकायला मी जाणार नाही, हे लिहून घ्या. तुम्हीही या एखाद्या रविवारी. सिनेमा तुम्ही बघा, मी तुमच्याकडे बघतो. फक्त एक वाक्य तयार ठेवा. अनवाणी घरी जायचं नसेल तर.