कोरडं राहिलेलं बाकडं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक घर मनात आणा. लाकडी, पिवळं, धुराड्यातून धूर सोडणारं. मागच्या आठवड्यात तुम्ही तिथं जेवलात. आज परत आलात, तर घर नाही. पडलेलं नाही, जळलेलं नाही, नुसतं नाही. गवतात त्याच्या आकाराचा काळा चौकोन उरलाय आणि मधोमध एक लहानसं बाकडं.

आमच्या चिलोए बेटावर याचं कुणाला नवल वाटत नाही. घर हलवायचं ठरलं की शेजारीपाजारी बैल घेऊन येतात, घराखाली ओंडके सरकवतात आणि अख्खं घर ओढत पाण्यापर्यंत नेतात. भरतीला ते तरंगतं, मग होड्या त्याला पलीकडच्या काठाला लावतात. कुणी चांगल्या जमिनीसाठी घर हलवतं. ओर्फेलिना बार्रियानं ते तिच्या बाळासाठी हलवलं.

तिच्याकडे रोसेंदा मावशी असायची. घरातलं एकूण एक मूल मावशीनं चुलीजवळच्या त्या बाकड्यावर बसून जोजवलेलं. आधी ओर्फेलिनाला, मग तिची लेक ओतिलियाला. हिवाळ्यात मावशी गेली आणि तिनो जन्मला तो त्यानंतर. तेव्हापासून रोज सकाळी बाकडं चुलीपासून सरकून पाळण्याला टेकलेलं दिसे. बाळाचा एक गाल आणि एक हात बर्फासारखा गार असे, कुणी छातीशी धरून ठेवल्यासारखा एकाच अंगानं. तिनो दूध पिईना. दिवसेंदिवस वाळत चालला. मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आपण मेलोय एवढंच तिला कळलं नव्हतं.

आमच्याकडे मानतात की मेलेलं माणूस खारं पाणी ओलांडत नाही आणि आपल्या पायांनी जागा सोडत नाही. कुणी उचलून नेलं तरच जातं. बाकडं जाळायला कुणाचा हात धजेना, म्हणून आम्ही घर नेलं आणि बाकडं तिथंच ठेवलं. दोर माझ्याही हातात होता. निघताना नऊ वर्षांची ओतिलिया बाकड्यापाशी वाकून म्हणाली, "तू इथंच थांब हं, मावशी."

आता ब्राउलिओ आणि एलियाना. ताल्का शहरातलं हे नवराबायको पन्नाशीचे. मुलं मार्गाला लागल्यावर दोघांनी सायकली काढल्या आणि गावंमागून गावं पालथी घालत आमच्या बेटावर आले. घर हलवण्याआधी एक दिवस ते ओर्फेलिनाकडे उतरले होते. त्या संध्याकाळी एलियाना बाकड्यावर टेकायला गेली, तर ओर्फेलिना झटकन म्हणाली, तिथं नको, ते मावशीचं आहे. एलियानाला वाटलं, ही वस्तू घरात फार जपतात वाटतं. पुढे दोघं बेटाच्या दक्षिण टोकाला जाऊन मागे फिरले आणि त्याच जागी येऊन पाहतात तो हा काळा चौकोन. पिवळं घर खाडीच्या पलीकडे धूर सोडत उभं होतं.

एलियाना हळहळली. "बघ, गडबडीत नेमकं हेच विसरले."

"असू दे ना," ब्राउलिओ म्हणाला. "आपल्याकडे काय टेम्पो आहे?"

"त्या बाईकडे शिंपल्यांचा रस्सा तीनदा मागून घेतलास, तेव्हा नाही आठवला टेम्पो?"

ब्राउलिओनं मुकाट्यानं बाकडं कॅरियरवर आडवं ठेवून दोरीनं आवळलं. त्याचे पाय दोन्हीकडच्या पिशव्यांवर टेकले.

रस्ता खाडीला वळसा घालून जातो. खडीचा, पण सपाट. भुरभुर पाऊस लागला. थोडं अंतर जाताच ब्राउलिओला धाप लागली. कुणाला डबलसीट घेतल्यासारखं वाटतंय, असं तो म्हणाला. एलियानानं त्याच्या पोटावरून एक टोमणा मारला आणि ती हसत त्याच्या मागे राहिली. मग तिचं हसू ओसरलं. मागचं टायर पार दबलं होतं. वाड्यावस्त्यांवरची कुत्री धावून येत, भुंकायला तोंड उघडत आणि बाकड्याच्या वर, माणसाचा चेहरा असावा तेवढ्या उंचीवर पाहून मागे सरत.

आणि पाऊस. ब्राउलिओची पाठ निथळत होती. पिशव्या भिजल्या, बाकड्याचे पाय भिजले, कडा भिजल्या. मधली फळी कोरडी होती, एका माणसाच्या बसण्यापुरती. एलियानानं सायकल जवळ घेतली आणि त्या फळीवर हात धरला. हातावर एक थेंब पडला नाही. बोटं मात्र गारठून वाकडी झाली.

घर समोर दिसत होतं. त्या घरच्यांना कळेल काय करायचं, असं मनाशी म्हणत ती मागोमाग जात राहिली.

आम्ही कुंपण ठोकत होतो. ओर्फेलिना ओसरीवर तिनोला पाजत होती. इकडे आल्यापासून बाळानं चांगलं बाळसं धरलं होतं. सायकली वळल्या, तिनं हसून हात वर केला आणि तो हात तसाच राहिला. एवढ्या पावसातून ज्यांनी प्रेमानं ओझं आणलं, त्यांना काय म्हणणार? ब्राउलिओ घाम पुसत गाठी सोडायला लागला. तिनोनं दूध सोडलं आणि मान वळवली. बाकड्याकडचा त्याचा गाल हळूहळू पांढरा पडत गेला.

"काका, गाठ सोडू नका," ओतिलिया म्हणाली. "तिला उतरू देऊ नका."

ब्राउलिओचे हात थांबले.

ओतिलिया आत गेली. भट्टीतून मोठा गरम पाव काढून तिनं तो तिनोच्या लोकरी दुपट्यात गुंडाळला आणि झोपलेलं बाळ आणावं तसं, डोक्याखाली हात देऊन, बाहेर आणला. हलकेच त्या कोरड्या फळीवर ठेवला.

"घे, मावशी. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

दुपटं एका बाजूनं दबलं. मग ते डुलायला लागलं, इकडून तिकडे, अगदी संथ. सायकल जागची हलत नव्हती. ओसरीवर तिनो पुन्हा दूध पिऊ लागला.

पाव गार झाला की तिला कळेल, असं ओतिलिया हळूच एलियानाच्या कानात म्हणाली. ब्राउलिओ सायकल न्यायला पुढे झाला, पण एलियानानं त्याची बाही धरली. सीटवर ओतिलियाचे पाय पुरणारे नव्हते. तिनं दांड्याखालून एक पाय पलीकडे घातला, कैची मारली आणि मावशीचंच अंगाईगीत गुणगुणत, मागे एकदाही न बघता, सायकल खाडीच्या वळशावरून जुन्या जागेकडे नेली.