डिकनची बदली

"मागच्या फाटकाने का आलीस?" ग्लेंडाने विचारलं.

ट्वायलाने व्हॅनचं इंजिन चालूच ठेवलं होतं. "पुढे आपली माणसं उभी आहेत."

"आपली नाही, तुझी. माझ्या नावाने 'खुनी' लिहून उभी आहेत भर उन्हात. मघाशी ओटिसच्या हातून पाणी पाठवलं त्यांना. नाहीतर कोणी भोवळ येऊन पडायचं, आणि तेही माझ्याच नावावर खपायचं."

ग्लेंडाचं डोकं सकाळपासून उठलं होतं. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कुत्र्यांचं शेल्टर ती वीसेक वर्षं सांभाळत होती. येईल ते कुत्रं घ्यायचं हा काउंटीचा नियम. लंगडं, आंधळं, चावरं, कोणालाही नाही म्हणायचं नाही. कुत्री रोज यायची. पिंजरे तेवढेच राहायचे. मग शुक्रवारी कोणाकोणाला मरणाचं इंजेक्शन द्यायचं ते ग्लेंडाने ठरवायचं आणि ग्लेंडानेच द्यायचं. हमरस्त्याच्या पलीकडे ट्वायलाची संस्था होती. तिच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे कोणाला मारत नाहीत'. नाही मारत, खरंच होतं ते. जागा भरली की दार लावून घ्यायचे, आणि माणसं गाडी वळवून ग्लेंडाकडे यायची.

एके काळी या दोघी एकाच साखळीने एका प्रयोगशाळेच्या फाटकाला स्वतःला बांधून घेऊन बसल्या होत्या. आत प्रयोगांसाठी ठेवलेली बीगल जातीची कुत्री होती म्हणून. एकाच कोठडीत रात्र काढली, एकाच दिवशी मांस, दूध, अंडी सगळं सोडलं. आणि आता येत्या मंगळवारी काउंटीच्या सभेत ट्वायलाचा ठराव मताला यायचा होता: काउंटीच्या शेल्टरनेही मारणं बंद करावं, भरलं की दार लावावं. ग्लेंडाला या ठरावाच्या नुसत्या आठवणीने पित्त चढायचं. दोन्ही दारं बंद झाल्यावर कुत्र्यांनी जायचं कुठे, हे कोणीच बोलत नव्हतं.

"आत कोण आहे?" तिने व्हॅनकडे हात केला.

"डिकन."

"बरं. मग?"

"बदली आहे."

"बदली! तो काय पोस्टात कारकून आहे?"

ही त्या लोकांची बोली. एका संस्थेतून कुत्रा दुसरीकडे गेला की त्याची बदली झाली म्हणायचं, आणि पुढे तिथे त्याचं काय झालं ते आधीच्यांनी विचारायचं नाही. ट्वायलाकडे कुत्री मरत नसत. त्यांच्या बदल्या होत.

ओटिसने व्हॅनचं मागचं दार उघडलं. ग्लेंडाच्या हाताखाली येण्यापूर्वी तो तंबाखूच्या गोदामात ओझी वाहायचा. सहसा त्याच्या तोंडून हाय निघत नसे. आता निघाली. डिकन पिंजऱ्यात गोल फिरत होता, सारखा डावीकडेच, थांबत नव्हता. शेपटी त्याने स्वतःच चावून संपवली होती आणि आता मागच्या पायाला लागला होता. पायाचं हाड दिसत होतं.

"किती वर्षं आहे तुझ्याकडे?" ग्लेंडाने विचारलं.

"सहा."

"सहा वर्षं पिंजऱ्यात! आणि तू माझ्या दारात माणसं उभी करतेस?"

"ओरडू नकोस माझ्यावर. मी रोज आशेवर होते. कोणीतरी येईल, याला घरी नेईल."

"तू आशेवर होतीस गं. तो पिंजऱ्यात होता."

ट्वायला इतका वेळ मान खाली घालून होती, ती उसळली. "आणि तू? ती पट्ट्यापट्ट्यांची कुत्री आठवते? शुक्रवारी इंजेक्शन दिलंस आणि सोमवारी माणसं आली तिला न्यायला. पोरं रडत परत गेली. पूर्वी एकेका कुत्र्यासाठी गावभर फोन करायचीस तू. आता करत नाहीस. मारता येतं म्हणून शोधणं सोडलंयस, ग्लेंडा."

हे लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. त्या कुत्रीच्या वेळी ग्लेंडाने एकही फोन केला नव्हता. फार दमली होती त्या आठवड्यात. तिने डिकनच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि त्याला खाली घेतलं.

"ओटिस, बर्गर घेऊन ये. चीजवाला."

"निघालोच, मिस ग्लेंडा."

"बर्गर?" ट्वायला म्हणाली. "कोणाला?"

"त्याला. इथे शेवटचं खाणं सगळ्यांना मिळतं."

"गाईचं मांस? तू विकत आणतेस? अगं, गाईला जीव नसतो का?"

ग्लेंडाने कपाळावर हात मारला. "आत्ता? ट्वायला, हे आत्ता काढणार आहेस तू?"

"मग कधी काढू? एकाला मारायचं आणि त्यासाठी दुसऱ्याला मारलेलं आणायचं. हे आपण कधी मान्य केलं होतं?"

आणि दोघी साठीच्या बाया, मागच्या आवारात, हाड दिसणारा कुत्रा मधे गोल फिरत असताना, गाईच्या जिवावरून भांडायला लागल्या. जगात दुसऱ्या कोणी केलं नसतं हे. ट्वायलाने तर चक्क पिशवीतून आपला डबा काढला आणि सोयाबीनची टिक्की डिकनपुढे धरली. डिकन थांबला. त्याने टिक्की हुंगली, ट्वायलाकडे पाहिलं आणि पुन्हा फिरायला लागला. ओटिसने आणलेला बर्गर मात्र त्याने कागदासकट खाल्ला.

"सहा वर्षं त्याला काय घालत होतीस?" ग्लेंडाने विचारलं.

"डाळीचं खाणं. त्यात सगळं असतं, डॉक्टरांना विचार." ट्वायलाने डोळे पुसले. "मी निघते आता. मला बघवायचं नाही."

"कुठे निघालीस? बस खाली."

"ग्लेंडा, प्लीज."

"सहा वर्षं त्याने एक तुझा आवाज ऐकलाय. मला तो ओळखतसुद्धा नाही. अनोळखी माणसांत मरायला टाकून जाणार त्याला? आणि आधी काय करायला आणलंयस ते तोंडाने सांग. बदली-बिदली माझ्यापुढे चालायची नाही."

पुढच्या फाटकावरून घोषणा ऐकू येत होत्या. ट्वायला आतल्या खोलीत जाऊन फरशीवर बसली आणि डिकनचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"मार त्याला," ती म्हणाली. "माझ्याच्याने बघवत नाही असं जगणं. मार."

पहिल्या सुईने त्याला गुंगी आली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो इतका स्थिर पडला असावा. ट्वायला त्याच्या कानात सारखं काहीतरी पुटपुटत होती. ग्लेंडाने पुढच्या पायाची शीर शोधली. दुसरी सुई दिली आणि ती उगाचच ओटिसवर खेकसली, दार नीट लाव म्हणून.

संध्याकाळी फरशी धुताना ओटिस म्हणाला, "मंगळवारी सभेत हे सांगून टाका. ठराव जागच्या जागी मरेल. तुम्ही नाही तर मी सांगतो."

"कोणी काही सांगणार नाही."

"का पण? ती तुम्हाला खुनी म्हणते, गावभर!"

"म्हणू दे. तिने त्याचं डोकं शेवटपर्यंत मांडीवर धरलं होतं, ओटिस. ते चव्हाट्यावर मांडून मी मतं मागू?"

"धन्य आहे तुमची," ओटिस म्हणाला आणि बादली आपटत निघून गेला.

मंगळवारी सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्षांनी ट्वायलाचं नाव पुकारलं तशी ती उठून माईकपाशी गेली. ग्लेंडा मागच्या रांगेत होती. बोल बाई, ती मनात म्हणाली, एकदा तरी खरं बोल. ट्वायलाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मला आज बोलता येत नाही," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. लोकांना वाटलं, मुक्या जिवांसाठी गहिवरून आलंय बाईला. सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

अध्यक्षांनी ग्लेंडालाही विचारलं, काही सांगायचंय का. ओटिसने कोपराने ढोसलं. "नाही," ग्लेंडा म्हणाली. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला. बाहेर गाड्यांपाशी ट्वायला तिच्या दिशेने दोन पावलं आली होती, पण माणसांनी तिला घेरलं, मिठ्या मारल्या. ग्लेंडा तशीच घरी गेली. तिला स्वतःचाच इतका संताप आला होता की रात्री ती जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात पिंजरे भरले आणि फाटकावर 'भरलं आहे' अशी पाटी लागली. पहिलाच आला तो एक शेतकरी, जुना पिकअप घेऊन. मागच्या हौद्यात शिकारी जातीची म्हातारी कुत्री पडली होती. तिच्या पोटाखाली मोठी गाठ लोंबत होती, आणि पिकून फुटली होती.

"जागा नाही," ग्लेंडा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली.

"मला काही ठेवायची नाहीये ती, बाईसाहेब. तिला सोडवा. डॉक्टरला द्यायला माझ्याकडे पैसे नाहीत, आणि बंदूक घ्यायला माझा हात धजत नाही."

"मला आता परवानगी नाही."

"अहो, पण तुमच्याकडे औषध आहे ना?"

"आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पलीकडे ट्वायलाबाईंची संस्था आहे," ती शेवटी म्हणाली. "तिथे विचारा."

"तिकडूनच आलोय," तो म्हणाला. "त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाल्या, ग्लेंडाकडे जा, ती कोणालाही परत पाठवत नाही."

त्याने टोपी सारखी केली आणि गाडीत जाऊन बसला. गाडी वळायला लागली तशी म्हातारी कुत्री कशीबशी पुढच्या पायांवर उठली, फाटकात उभ्या असलेल्या ग्लेंडाकडे बघून शेपटी हलवायला लागली, आणि गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत हलवतच राहिली.